कोल्ड्रिंकचे डबे नकोत, सोलरची जुनी पेटी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडजवळच्या गावात घर, उत्तरेकडच्या खोलीत म्हातारे आई-वडील, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या खोलीत दुपारीसुद्धा अंगावर शाल लागते. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्यांचा सोलर एअर हीटर व्हिडिओत पाहिला. तसा भंगारातल्या वस्तूंतून घरी करता येईल का, त्याने रात्री खोली उबदार राहील का, आणि उन्हाळ्यात तोच वाळवणाला चालेल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. करता येईल, आणि दिवसा खोलीत फरक नक्की पडेल. पहाटेची थंडी मात्र त्याने फारशी हटणार नाही. वाळवणाला तो हिवाळ्यापेक्षाही जास्त कामाला येईल. आणि कृपा करून डबे गोळा करत बसू नका.

हा हीटर म्हणजे एक चपटी पेटी. तिच्यात होतं काय ते पाहू. वर काच, आत काळा पृष्ठभाग, मागे उष्णतारोधक थर आणि मधून वाहणारी हवा, बस्स. ऊन काचेतून आत येतं, काळा भाग तापतो, हवा त्याला घासून जाताना उष्णता उचलते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सेलम गावच्या एडवर्ड मोर्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली याचं पेटंट घेतलं होतं. दक्षिणेच्या भिंतीवर काचेमागे काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे, वर-खाली हवेची भोकं. फ्रान्समधल्या फेलिक्स ट्रॉम्ब यांची भिंत हा त्याच घराण्यातला पुढचा प्रकार, आणि लडाखमध्ये तशा भिंती आजही घरं आणि शाळा गरम ठेवतात.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. एअर हीटर करणारे बहुतेक जण बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाच्या मागे लागतात. 'माझ्या पेटीतून ८० अंशांची हवा येते' असं कुणी सांगितलं की मी लगेच विचारतो, किती हवा येते? कारण खोलीला मिळणारी उष्णता म्हणजे हवेचं प्रमाण गुणिले तापमानातली वाढ. पेटीत हवा रेंगाळली की ती भरपूर तापते, पण पेटीही तापते आणि तीच उष्णता काचेतून परत बाहेर जाते. खोलीला मिळतो गरम हवेचा एक बारीकसा झोत. उलट भरपूर हवा फिरवली तर बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट लागते, पण खोलीत जाणारी एकूण उष्णता कितीतरी जास्त असते. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर येणारी हवा १५ ते २५ अंशांनी गरम असेल तर पेटी ठीक चालली आहे. फरक ४०-५० अंशांवर गेला तर खुश होऊ नका, हवेची वाट कुठेतरी अडली आहे.

हिशेब सोपा आहे. दर तासाला किती घनमीटर हवा जाते तो आकडा घ्या, त्याला तापमानातल्या फरकाने गुणा आणि पुन्हा ०.३३ ने गुणा. उत्तर वॅटमध्ये येतं. निफाडच्या उंचीवर आणि गरम हवेला ०.३ धरलं तरी चालेल. स्वच्छ उन्हात दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं आणि घरगुती पेटी त्यातलं निम्मं पकडते. म्हणजे दोन चौरस मीटरच्या पेटीतून ९०० ते १००० वॅट मिळतात. एका खोलीच्या लहान इलेक्ट्रिक हीटरएवढी ही उष्णता झाली. २० अंश फरकाने ती उचलायची तर तासाला १५० घनमीटर हवा फिरली पाहिजे.

डब्यांना नको का म्हणतो ते याच आकड्यावरून कळेल. ३३० मिलीच्या डब्याचा व्यास ६६ मिलिमीटर, उंची ११५ मिलिमीटर. दोन मीटर बाय एक मीटरच्या पेटीत उभ्या १५ रांगा आणि एका रांगेत १७ डबे, म्हणजे अडीचशेच्या वर डबे. प्रत्येकाला वर-खाली भोकं पाडायची, आतला चिकटपणा धुवायचा, एकावर एक सिलिकॉनने चिकटवायचे. शेवटी हवा त्या भोकांतून अडखळतच जाते आणि फॅनवर भार येतो. डबे फुकट मिळतात हे खरं, पण त्यामागची मेहनत फुकट नाही. डासांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी काळी करून तिरपी ताणली तर तेच काम एका दिवसात होतं, आणि हवेला अडथळा जवळजवळ नाही. माझा कौल कायम जाळीला.

आता पेटी. लाकडी फळ्या, पत्रा, खिडकीची काच असं एकेक जमवण्याआधी भंगारवाल्यांकडे चौकशी करा: सोलर वॉटर हीटरचं जुनं सपाट पॅनेल आहे का? आपल्याकडे ज्या घरांत बोअरचं क्षारयुक्त पाणी आहे तिथे या पॅनेलच्या तांब्याच्या नळ्या क्षार बसून तुंबतात आणि पॅनेल काढून टाकावं लागतं. भंगारवाल्याला त्यातलं तांबं हवं असतं. तांबं काढल्यावर उरते अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मागचा पत्रा, रॉकवूल किंवा ग्लासवूलचा उष्णतारोधक थर आणि वर चार मिलिमीटरची टफन्ड काच. मापही साधारण दोन मीटर बाय एक मीटर. आपल्याला हवं ते सगळं एका जागी, तेही उन्हातान्हात टिकण्यासाठीच बनवलेलं. काच शाबूत असलेली पेटी मिळाली तर अर्धं काम झालं म्हणा.

नाहीच मिळाली, तर जुन्या स्लायडिंग खिडकीचं काचेचं शटर आणि पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड चालेल. पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, ते घ्या. 'एमबी' शिक्क्याचं घेऊ नका. त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, आणि या पेटीतली हवा आई-वडिलांच्या श्वासात जाणार आहे. खिडकीची साधी काच चौकटीत घट्ट बसवू नका. चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर फट ठेवून रबराच्या बीडिंगवर बसवा, नाहीतर तापून पसरताना तडा जातो. थर्माकोल मात्र पेटीत अजिबात नको. वीज गेली आणि फॅन थांबला की कडक उन्हात आतलं तापमान शंभराच्या पुढे जाऊ शकतं, आणि थर्माकोल त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून आकसतो. डासांची फायबरची जाळीही याच कारणाने नको, तिच्यावर प्लास्टिकचा लेप असतो.

सोलरच्या पेटीत जाळी बसवायची ती अशी. काच काढा. जुनं रॉकवूल ओलसर होऊन दबलं असेल तर बदला, आणि ते हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. नळ्यांची बाजूची भोकं पत्र्याचे तुकडे लावून बुजवा. मागच्या पत्र्यात सहा इंची दोन भोकं पाडा: एक खाली डाव्या कोपऱ्याजवळ, दुसरं वर उजव्या कोपऱ्याजवळ. जाळीचे दोन किंवा तीन पदर, एकमेकांपासून एक-दोन सेंटिमीटर सोडून, तिरपे ताणा. खालच्या टोकाला जाळी मागच्या पत्र्याला टेकलेली हवी, पण हवा आत येते त्या भोकाच्या वर, आणि वरच्या टोकाला ती काचेजवळ पोहोचलेली हवी. मग खालून आलेली थंड हवा काचेच्या बाजूने शिरते, जाळीतून आरपार जाते आणि गरम होऊन मागच्या बाजूने वर निघते. काचेला कायम थंड हवाच लागते, त्यामुळे काचेतून उष्णता कमी वाया जाते. जाळीची खरी करामत इथे आहे. जाळीच्या कडा चौकटीला नीट दाबून घ्या. कडेला फट राहिली तर हवा जाळीतून जायचं सोडून तिथूनच पळते.

एक मीटर रुंदीत हवा सगळीकडे सारखी पसरली पाहिजे, हे लोक विसरतात. हवा सोपी वाट पकडते, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरळ निघून जाते आणि उरलेले दोन कोपरे नुसतेच तापत राहतात. त्यासाठी आत येणाऱ्या भोकासमोर पत्र्याची एक आडवी पट्टी लावा आणि तिच्यात बोटभर रुंदीची फट पूर्ण रुंदीभर ठेवा. भोकाजवळ फट थोडी अरुंद, लांबच्या टोकाला थोडी मोठी. पेटी चालू झाल्यावर अर्ध्या तासाने काचेवरून हात फिरवा. जिथे काच हाताला चटका देते तिथे हवा अडली आहे. सगळीकडे सारखीच कोमट लागली की पट्टी बरोबर बसली.

रंग साधा मॅट काळा, पण उष्णता सोसणारा. गाडीच्या सायलेन्सरला मारतात तो उत्तम. चमकदार ऑइलपेंट नको. जाळीला पातळ हात द्या, छिद्रं बुजता कामा नयेत. नंतर पेटी खोलीला जोडण्याआधी दोन्ही भोकं उघडी ठेवून चार-पाच दिवस कडक उन्हात नुसती पडू द्या. रंगाचा आणि सिलिकॉनचा वास पूर्ण उडाल्याशिवाय ती हवा घरात घ्यायची नाही.

फॅनबद्दल. जुन्या कम्प्युटरचा फॅन लावायचा मोह होतो. लहान पेटीला तो चालतो, पण दोन चौरस मीटरला आणि वर पाइप जोडल्यावर तो दमतो. बाथरूमला लावतात तो सहा इंची एक्झॉस्ट फॅन घ्या. त्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पाइप आणि जाळीमुळे प्रत्यक्षात साधारण निम्मी हवा धरा. आपल्याला तेवढीच हवी आहे. फॅन थंड बाजूला, म्हणजे खोलीतली हवा पेटीकडे ढकलणाऱ्या पाइपवर लावा. गरम बाजूला लावला तर मोटर लवकर जाते. पाइप सहा इंचीच ठेवा. चार इंचीतून एवढी हवा ढकलायला गेलं तर ती आवाज करते आणि प्रमाणही घटतं. किचनच्या चिमणीला लावतात तो अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाइप सोयीचा आहे. पीव्हीसीचा पाइप गरम बाजूला नको, मऊ पडून वाकतो.

फॅन सकाळी-संध्याकाळी हाताने चालू-बंद करावा लागला तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो, म्हणून एसटीसी-१००० सारखा तयार थर्मोस्टॅट लावा. फॅन त्याच्या 'कूलिंग'च्या जोडणीवर द्या, म्हणजे पेटी तापली की फॅन सुरू होतो. तापमान ३० आणि फरक ८ ठेवला तर ३८ ला सुरू आणि ३० ला बंद. सेन्सर हवा बाहेर पडते त्या तोंडाशी, सावलीत ठेवा, जाळीला चिकटवू नका. फॅन २३० व्होल्टचा आहे आणि पेटी धातूची, म्हणून अर्थिंग जोडल्याशिवाय चालू करू नका आणि ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

पेटी ठेवायची कुठे? व्हिडिओतल्या पेट्या भिंतीवर उभ्या असतात, कारण ते व्हिडिओ बहुधा कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातले. पन्नास अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंश वर असतो, तिथे उभी पेटीच बरोबर. तुमच्याकडे, वीस अंश अक्षांशावर, तोच सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. उभ्या पेटीवर त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आतच ऊन पडेल. तुमची खोली उत्तरेची आहे, तेव्हा तशीही गच्चीच हवी. दक्षिणेकडे तोंड, ४० ते ४५ अंशांचा कल, आणि सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशी जागा. मागचे पाय नटबोल्टने कमी-जास्त करता येतील असे करा. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर तुमच्याकडे दुपारी सावलीच नाहीशी होते. तेव्हा कल १० अंशांवर आणायचा. पेटी कठड्याला तारेने पक्की बांधा, वळवाच्या वाऱ्यात तिचं शिड होतं. आणि तिकडच्या थंडीसाठी लागणारी दुहेरी काच आपल्याला नको, दिवसा बाहेर २५ अंश असताना एकच पुरते.

गच्चीवरच्या पेटीला एक धोका आहे. रात्री पेटी गार पडते, तिच्यातली जड हवा पाइपातून खाली खोलीत उतरते आणि खोलीतली उबदार हवा दुसऱ्या पाइपातून वर जाते. म्हणजे दिवसभर कमावलेलं रात्री आपोआप बाहेर. त्यासाठी दोन्ही पाइपांच्या तोंडाशी झडप हवी: जाळीवर वरच्या कडेने चिकटवलेला पातळ पॉलिथिनचा तुकडा. फॅन चालू झाला की तो उघडतो, बंद झाला की जाळीला चिकटतो. दोन रुपयांचा तुकडा आहे, पण तो नसेल तर हीटर तोट्यात जातो.

खोलीतून हवा ओढणारं तोंड जमिनीलगत ठेवा आणि गरम हवेचं तोंड खाली, खाटेच्या दिशेला वळवा. नाहीतर गरम हवा स्लॅबला चिकटून राहील आणि खाली आई-वडील गारठलेलेच. गच्चीवरचे पाइप तीन मीटरच्या आत बसवा आणि ग्लासवूलने गुंडाळून वरून ताडपत्रीची पट्टी मारा.

आता रात्रीचं. दहा बाय बाराच्या खोलीतली हवा तापायला काही मिनिटं पुरतात, पण गारठा हवेत नसतो, भिंतींत असतो. नऊ इंची विटांच्या चार भिंती आणि वरचा स्लॅब मिळून वीस टनांच्या आसपास वजन भरतं. हे सगळं एका अंशाने तापवायला साधारण १६ मेगाज्यूल (हे उष्णतेचं माप) लागतात. तुमची पेटी स्वच्छ उन्हाच्या पूर्ण दिवसात देणार १८-२० मेगाज्यूल, आणि त्यातला बराच भाग दारं-खिडक्यांतून निघून जाणार. पहिल्या दिवशी संध्याकाळी फरक जाणवणार नाही. चार-पाच दिवस सलग चालली की भिंती हळूहळू दोन-तीन अंशांनी वर येतील, तेवढाच पहाटेचा फायदा. निफाडचा पारा पाचच्या खाली जातो त्या पहाटे तो पुरेसा नाही. दिवसा मात्र १८ अंशांच्या खोलीत ३८ अंशांची हवा सहा तास येत राहील, आणि सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचं मोल फार आहे.

म्हणून पेटीआधी खिडकीच्या फटी बुजवा, दाराखाली पट्टी लावा, रात्री जाड पडदे ओढा. पेटीतून आलेली ऊब टिकवायला हे लागतंच. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असाल तर आजपासून थांबवा. तिचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. पहाटेसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणि चांगली दुलई बरी.

वाळवणाचा भाग जास्त आनंदाचा. एप्रिलमध्ये बाहेरची हवा ३५ अंशांची, तिच्यात तेच २० ते २५ अंश मिळवले की ५५ ते ६० होतात, आणि कापलेल्या कांद्याला तेवढंच तापमान लागतं. फॅन तोच, पेटी तीच. फक्त हवा खोलीतून न घेता बाहेरून घ्या आणि गरम पाइप एका बंद कपाटात सोडा. त्यात जाळीचे ट्रे एकावर एक, वर ओली हवा जायला मोकळी वाट. मेथी-कोथिंबिरीला ४५ ते ५० अंश ठेवा, म्हणजे फॅनचा वेग वाढवा किंवा पेटीचा थोडा भाग झाका. पालेभाजी उघड्या उन्हात पिवळी पडते, इथे अंधाऱ्या कपाटात ती हिरवी राहते, धूळ-माश्याही नाहीत. पण अपेक्षा माफक ठेवा. एक किलो पाणी उडवायला २.४ मेगाज्यूल लागतात आणि अशा कपाटात पेटीच्या उष्णतेतला तिसरा हिस्साच प्रत्यक्ष पाणी उडवतो. दिवसाला तीन किलोच्या आसपास पाणी निघेल, म्हणजे साडेतीन-चार किलो कापलेला कांदा. घरच्या वापराला आणि पाहुण्यांना द्यायला छान. विकायचा विचार असेल तर अशा चार-पाच पेट्या लागतील. शेजारच्या द्राक्षबागेत गंधक किंवा औषधाची फवारणी चालू असेल त्या दिवशी फॅन बंद ठेवा, कारण बाहेरची हवा थेट खाण्यावर जाते.

पेटी सुरू झाल्यावर मोजून बघा. दोन साधे डिजिटल थर्मामीटर, एक आत जाणाऱ्या आणि एक बाहेर येणाऱ्या हवेत. हवेचं प्रमाण मोजायला दोनशे लिटरची मोठी पॉलिथिनची पिशवी चपटी करून गरम तोंडाला लावा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच सेकंदांत भरली तर तासाला १४४ घनमीटर. दुपारी बाराला फरक २० अंश असेल तर ९०० वॅटच्या आसपास आलात. पिशवी दहा सेकंद घेत असेल तर पाइपाचे वाकडे वळण, झडप आणि जाळीवर बसलेला रंग तपासा. तापमान जास्त दिसतंय म्हणून तसंच सोडू नका.

खर्चाचं विचारलंत. फॅन, थर्मोस्टॅट, पाइप, जाळी आणि रंग नवीन घेतले तर तीन-चार हजारांच्या आसपास जातील. पेटीची किंमत भंगारवाल्याशी ठरेल, फक्त तांबं काढून घेतलेली मागा. आठवड्यातून एकदा काच पुसा. जूनमध्ये पेटी उतरवता आली तर उतरवा. नाही जमलं तर दोन्ही भोकांना बारीक जाळी लावून बंद करा, नाहीतर पावसाळ्यात उंदीर रॉकवूलमध्ये घर करतात, आणि काचेवर ताडपत्री घाला, कारण फॅन बंद असताना उघडिपीचं ऊनही आतली जाळी आणि सेन्सर भाजून काढतं.